चाळिसात न धरलेले

माडखार, मुरुडजवळ
ता. १२ नोव्हेंबर १९२७

शरफू,

सलाम आणि दुवा. तुझं पत्र नाही म्हणजे तू बरा आहेस असं आम्ही धरून चालतो. लहानपणापासून तुझी रीतच ती.

बाबा गेल्यापासून गावात जे चाललंय ते गावचे खलाशी उतरतात त्या तुमच्या मुंबईच्या जमातीच्या खोलीत पोचलंच असेल. पण तिथे पोचेपर्यंत त्याला शिंगं फुटली असतील, म्हणून मीच सांगते. खालचा मोहल्ला म्हणतो, खतीबाचा मुलगा तोच खतीब, तेव्हा दर शुक्रवारी जुम्याला मिंबराच्या पायऱ्या चढून खुत्ब्याचं प्रवचन शरफुद्दीननेच पढायचं. वरचा मोहल्ला म्हणतो, मुलगा मुंबईत गोदामात पोती मोजतो; बाबांच्या आजारपणात वर्षभर मिंबरावर उभा राहिला तो जावई कमरुद्दीन, बाबांनीच त्याला शिकवलं, तेव्हा खतीब तो. म्हणजे एकीकडे माझा भाऊ आणि दुसरीकडे माझा नवरा. मला कुणी काही विचारत नाही, पण निरोप मात्र दोन्हीकडचे माझ्याच हाती देतात.

आता तर जुमाच बंद पडलाय. बाबा सांगायचे ते आठवतं ना? आपल्या शाफई लोकांत जुम्याला गावात राहणारे चाळीस मर्द लागतात. त्याहून कमी असतील तर जुमा होत नाही, रोजच्यासारखी दुपारची जोहर पढून घरी जायचं. आपले निम्मे पुरुष जहाजांवर. उरलेले दोन्ही मोहल्ले मिळून पन्नासेक भरतात, वेगळे केले की कुणाचेच चाळीस होत नाहीत. खालचे मशिदीत जोहर पढतात, वरचे मदरशाच्या पडवीत, आणि दोघेही गड जिंकल्यासारखे छाती काढून घरी येतात.

आईचं बरं नाही. पाय सुजलेत, छाती भरते. काठी टेकत मागच्या दारापर्यंत जाते आणि तेवढ्यातच दमते. मी रोज वरून उतरून तिच्याकडे येते. काल म्हणाली, "खैरू, माज्या मय्यतीला गाव दोन ठिकानी उभा ऱ्हायला तं मना कबरंत चैन पडायचा न्हाय. समद्यांनी येकाच सफीत, येका रांगंत नमाज पढली पायजे. शरफूला लिव." हकीम म्हणतो, पुढचा पावसाळा ती काढेलसं वाटत नाही.

तेव्हा भावा, जमातीला एक ओळ लिही की मी दावा सोडला. तसाही लहानपणी खुत्बा पढताना सुरुवातीच्या 'अम्मा बाद'च्या पुढे तुझी गाडी कधी गेली नाही. आईसाठी एवढं कर.

तुझी बुबू,
खैरुन्निसा

*

मुंबई
ता. २ डिसेंबर १९२७

बुबूस सलाम.

पत्र पोचले. आईच्या प्रकृतीचे वाचून चिंता वाटली. येथून औषधाची बाटली पाठवीत आहे, सकाळ-संध्याकाळ द्यावी.

बाकी मजकुराविषयी इतकेच लिहितो की खतीबी आपल्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून चालत आली आहे. ती मी एका ओळीने सोडून द्यावी हे तू मला कसे सुचवलेस याचे नवल वाटते. तुझे पत्र मी दोनदा वाचले. चाळीस मर्द, जोहर, दावा... ही भाषा तुझी नाही, बुबू. कमरुद्दीन दुलाभाई शेजारी बसले होते काय? त्यांना काही सांगायचे असेल तर त्यांनी स्वतः लिहावे, आईच्या आजाराआडून नको.

आपल्या खोलीचे मुख्य, जहाजावरील खलाशांचे सारंग बडेमियां यांचे म्हणणे असे की बाबांचा आसा प्रथम आपल्या ताब्यात हवा. ज्याच्या हातात खतीबाची काठी, त्याचा मिंबर. वरचे म्हणतात, आसा खालच्यांनी दडवला. येथे सर्वांची खात्री आहे की तो दुलाभाईंकडे आहे. तो कोठे आहे ते कळव.

आईस माझे सांग. बोलणे थोडे कर म्हणावे.

शरफुद्दीन

*

माडखार
ता. २० डिसेंबर १९२७

शरफू,

'पत्र पोचले', 'कळव', 'द्यावी'! मामलेदार झालास की काय? वाचून अंगाचा तिळपापड झाला. मी पत्र लिहिते हे तुझ्या दुलाभाईंना ठाऊकसुद्धा नाही. आणि चाळीस मर्दांची भाषा माझी नाही तर कुणाची? बाबा ओटीवर मुलांना शिकवायचे तेव्हा दाराआड तांदूळ निवडत कोण बसायचं? तू ओटीवर बसून झोपायचास, मी आत बसून ऐकायची.

तू आसा विचारतोस, मी आईचं मरण सांगते. आपण दोघं एका घरात वाढलो यावर कुणी विश्वास ठेवील का?

इथे काय काय करून झालं ते ऐक. आधी कचेरीत अर्ज गेला. साहेब म्हणाले, हे धर्माचं काम, आमचा संबंध नाही. मग तालुक्याच्या काझीसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, निकाल देतो, पण तो मान्य करू म्हणून दोन्ही बाजूंनी आधी सह्या करा. आता आधी सही कोण करणार? जो आधी करील तो घाबरला असं होईल, म्हणून दोघेही कोऱ्या कागदाकडे बघत बसले आणि उठून आले. मग ठरलं पंच नेमायचे, दोघांचा एकेक आणि तिसरा मधला. तो मधलाच काही सापडेना. गावात असा माणूस कुठे आहे जो कुणाचा ना कुणाचा व्याही, साडू, मेहुणा नाही? शेवटी कोळीवाड्यातल्या हरेश्वर तांडेलाने आपली होड्या ठेवायची छपराची शाकार देऊ केली. म्हणाला, "मी निकाल देत न्हाय बाबांनू, जागा देतंय. हितं तुमचा कोन सोयरा न्हाय." गेले सगळे. तिथे आत आधी कोणी शिरायचं यावरून जुंपली. तांडेलाची जाळी तेवढी तुडवली गेली.

परवा विहिरीवर मी घागर लावली तर खालच्या बायकांनी आपल्या घागरी बाजूला घेतल्या. बाबांच्या मुलीला बघून! घरी येऊन रडले. आईने विचारलं तर म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

आसा कुठे आहे ते मला विचारू नकोस. आणि आता खरं सांग, तुला खतीब व्हायचंय तरी का?

खैरू

*

मुंबई
ता. २२ जानेवारी १९२८

बुबू,

महिनाभर पत्र लिहून फाडत होतो. तुझ्या शेवटच्या प्रश्नाने झोप उडवली. खरं ते लिहितो, पण तुझ्यापाशीच ठेव.

नाही, मला खतीब व्हायचं नाही. गोदामातली नोकरी बाबा गेल्यावर पंधरवड्यातच सुटली. तेव्हापासून जमातीच्या खोलीत पडून आहे. इथलं अंथरूण, इथलं जेवण सगळं सारंगाच्या शब्दावर चालतं. तो मला चारचौघांत 'आमचा खतीब' म्हणतो आणि ताटात मासळीचा तुकडा मोठा पडतो. दावा सोडतो म्हटलं तर त्याच संध्याकाळी ट्रंक जिन्यावर येईल. गावी यावं तर लोक म्हणतील, मुंबईने हाकलला म्हणून आला. रोज सकाळी कामावर जातो असं दाखवून बाहेर पडतो आणि धक्क्यावर बोटी बघत बसतो.

तुझ्यावर दुलाभाईंचा आळ घेतला, ते मनाला लागून राहिलंय. माफ कर.

आता नवीनच घोळ झालाय. सारंगाने बेत केला आहे की रमजानच्या आधीच्या जुम्याला इथून अठरा माणसं बोटीने न्यायची, खालच्या मोहल्ल्याचे चाळीस भरवायचे आणि माझ्याकडून खुत्बा पढवून घ्यायचा. एकदा पढला की खतीबी ठरली, मग वरचे कुठे जातील? तिकिटं काढून झाली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मान हलवली, ती त्यांनी हो धरली.

काय करू?

शरफू

*

माडखार
ता. २ फेब्रुवारी १९२८

माझ्या वेड्या भावा,

तुझं पत्र छातीशी धरून बसले. नोकरी गेली हे सांगायला पाच महिने? मी काय परकी? इथे भात आहे, सुकट आहे, बाबांची ओटी आहे. पण तुला येववत नाही हेही मला कळतं. उगीच समजूत घालत नाही.

अठरा माणसांचं म्हणशील तर सारंगाला जहाज चालवता येतं, मजहब येत नाही. चाळिसात धरायचे ते गावात राहणारे. मुसाफिर धरत नाहीत. बोटीने येऊन बोटीने जाणारी अठरा काय, अठराशे आणली तरी जुमा होत नाही. बाबांनी हे तुझ्यासमोर दहादा सांगितलंय, फक्त तू झोपला होतास. इथल्या शहाण्यांनाही आठवत नाही, कारण आठवलं तर बेत फसेल. वरचेही काही कमी नाहीत. पलीकडच्या गावातून सुतारकामाला आलेली माणसं मदरशात झोपवून 'हे आता इथलेच' म्हणून सांगायची तयारी चाललीय.

तुझे दुलाभाई या सगळ्याला विटलेत. मला म्हणाले, "मी सोडलं तर वरचे म्हणतील बायकोनं सोडवलं, आनि न्हाय सोडलं तर सासूची शेवटची विच्छा मोडली. सांग, कुटं जाऊ?" दोन पुरुष, दोघांनाही नको असलेली खतीबी, आणि गाव ती दोघांच्याही डोक्यावर लादतंय. माझं तर डोकं चालत नाही.

ये. बोटीतून सारंगाबरोबर उतरलास तरी आधी आईला भेट. आणि तिच्या हातातल्या काठीकडे नीट बघ. मुठीवर मी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आहे, ती सोडू नकोस. सहा महिने दोन मोहल्ले आसा शोधत कणग्या आणि माळे धुंडाळतायत, आणि म्हातारी त्यांच्यासमोरून तो टेकत परसात जाते. म्हाताऱ्या बाईच्या काठीकडे बघतो कोण!

तुझी बुबू

*

मुंबई
ता. २४ फेब्रुवारी १९२८

बुबू,

त्या दिवशी मशिदीत काय झालं ते तुला दहा तोंडांनी दहा प्रकारे कळलं असेल. आता माझ्याकडून घे.

आईजवळून उठून मी मशिदीत गेलो. उठताना तिने माझा हात धरून काठीच्या मुठीवर ठेवला आणि हसली. मशिदीत खालचे आणि आमचे बोटीवाले मिळून चाळिसाच्या वर होते. बांग झाली. आसा नाही, तर खतीब हातात काय धरणार? सारंगाने आपली छत्री पुढे केली. बुबू, मी छत्री घेऊन बाबांच्या मिंबरासमोर उभा राहिलो! पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि बाबा ओटीवर बसलेले दिसले. छत्री खाली ठेवली. म्हटलं, "ही अठरा मानसं मुसाफिर हायत, चाळिसात धरत न्हायत. मी पन मुसाफिरच. जुमा होत न्हाय. आनि खतीबी मी सोडली, कमरुद्दीनच्या मागं उभा ऱ्हातो." आयुष्यात प्रथमच न अडखळता बोललो.

चपला हातात घेऊन वरच्या मोहल्ल्याकडे निघालो. विहिरीपाशी पोचतो तो समोरून दुलाभाई उतरतायत, मागे त्यांचे लोक ओरडतायत. त्यांनी नुकतंच मदरशात सांगितलं होतं की खतीबी शरफुद्दीनची, मी सोडली! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग हसायला लागलो. दोघांच्या मागे दोन जमाव. पुढचं तू ओरडण्यावरून ओळखलंच असशील. "दोघांनी मिळून गावाला फशिवला" ही शिवी दोन्ही मोहल्ल्यांनी एका सुरात दिली. गेल्या सहा महिन्यांत गावाचं एकमत झालं ते तेवढंच.

मला वाटलं होतं, आता मिटलं. पण संध्याकाळपर्यंत खालच्यांनी सारंगाचा पुतण्या उभा केला आणि वरच्यांनी बाहेरगावचा एक मौलवी आणायचं ठरवलं. आम्ही बाजूला झालो, भांडण तिथेच राहिलं. आता आईच्या इच्छेचं काय?

ट्रंक जिन्यावर आलीच. पण सारंग मनाचा वाईट नाही, रागीट आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "खतीब होत न्हायस तं भंडारी हो." त्याच्या जहाजावर स्वयंपाकाला घेतलंय. बसऱ्याकडे निघतोय, परत कधी ते ठरलेलं नाही. आईला सोडून जाणं जिवावर येतंय, पण पोटाला काहीतरी हवं. तू आहेस म्हणून जातो.

एक विचारायचं राहिलं. दुलाभाईंनी नेमकं त्याच दिवशी का सोडलं?

शरफू

*

माडखार
ता. १४ एप्रिल १९२८

शरफू,

हे पत्र कंपनीच्या पत्त्यावर टाकते. तुला मिळेल तेव्हा कुणाच्या तरी शेजारी बसून वाच.

आपली आई गेली. परवा सकाळी. त्रास झाला नाही. पहाटे फजरची नमाज अंथरुणातच पढली, पाणी मागितलं, मी आणेपर्यंत डोळे मिटले होते.

रडायलासुद्धा वेळ दिला नाही रे लोकांनी. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, कफन चढवलं, आणि बाहेर अंगणात सुरू झालं. सारंगाचा पुतण्या नमाज पढवायला पुढे झाला तर वरचे मागे सरले, मौलवी पुढे झाला तर खालचे फाटकाबाहेर गेले. कुणीतरी म्हणालं, दोन वेळा पढू, आधी खालचे आणि मग वरचे. जोहर टळून गेली, आई तशीच पडून. मी ऐकत होते. ती ज्याला भीत होती तेच तिच्या दारात चाललं होतं.

कोपऱ्यातला आसा उचलला आणि ओटीवर आले. डोक्यावरचा पदर सांभाळायचंही भान नव्हतं. मुठीवरची चिंधी फाडून काढली. चांदीची मूठ सगळ्यांनी ओळखली. म्हटलं, "माज्या आयचे दोन तुकडे करून देऊ काय, येक खालच्यांना नि येक वरच्यांना? खतीब ठरवा न्हाय तं नका ठरवू. मय्यतीला खतीब लागत न्हाय. हक मुलाचा. मुलगा न्हाय तं भावाचा. माजा मामू यील, तोच पढवील. खोटं आसंल तं मौलवीसाहेबांनी सांगावा." मौलवी खाली बघून म्हणाला, मसला बरोबर आहे. तुझे दुलाभाई तोवर कोळीवाड्यात धावले होते. हरेश्वर तांडेलाने लगेच होडी घातली आणि खाडीपलीकडून बावामामूला घेऊन आला.

मामू ठार बहिरा, तुला माहीतच आहे. गावचं भांडण त्याच्यापर्यंत गेलंच नव्हतं, आणि ते हातवाऱ्यांनी कोण समजावणार? बहिणीचं तोंड बघितलं, लहान मुलासारखा रडला, माझ्या हातातला आसा घेऊन टेकत टेकत पुढे गेला, आसा बाजूला ठेवला आणि एवढ्या मोठ्याने 'अल्लाहु अकबर' म्हणाला की माडावरचे कावळे उडाले. मग कोण मागे सरणार? सारंगाचा पुतण्या आणि मौलवी पहिल्या सफीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सफा अंगणाबाहेर पार माडांपर्यंत गेल्या. मी खिडकीच्या गजांना धरून बघत होते. आईला मनात म्हटलं, बघ, सगळे आले. फक्त तू नव्हतास. ते मला फार लागलं.

तू विचारलं होतंस ते सांगते. तुझी नोकरी गेल्याचं मी दुलाभाईंना सांगितलं होतं. तू 'तुझ्यापाशीच ठेव' म्हणाला होतास, पण माझ्या पोटात राहिलं नाही. खतीबी मिळाली तर शरफूला गावी मानाने येता येईल म्हणून त्यांनी सोडली. तुम्ही दोघांनी मला विचारून सोडली असती तर निदान एक तरी खतीब गावाला मिळाला असता.

काल जुमा होता. खालचे मशिदीत, वरचे पडवीत. दोन्हीकडे जोहर. एका दिवसात पुन्हा जसंच्या तसं. संध्याकाळी आसा मागायला खालचे नि वरचे दोघेही येऊन गेले, वेगवेगळे. मी म्हटलं, दोघे मिळून या, लगेच देते. अजून आलेले नाहीत.

तुझी बुबू

*

बसरा
ता. ६ जून १९२८

बुबू,

तुझं पत्र काल मिळालं. तू म्हणालीस तसं कुणाच्या शेजारी बसून वाचायला हवं होतं, पण मी भंडारात एकटाच होतो. चुलीवर भाताचं आधण होतं. ते उकळून आटून गेलं तरी कळलं नाही. करपल्याच्या वासाने सारंग शिव्या देत आत आला, माझ्याकडे बघितलं, पत्राकडे बघितलं आणि खाली बसला.

मी त्याला म्हटलं, आई गेली. मग विचारलं, आपल्यात दूर असलेल्याची जनाज्याची नमाज गायबाना पढता येते ना? तो म्हणाला, येते. "तुज्या बाबांनी माज्या बापाची अशीच पढवली व्हती, बाप दर्यात गेला तवा."

तिसऱ्या प्रहरच्या असरनंतर डेकवर उभे राहिलो. पाण्याने वझू केलं, किबला बघून मक्केकडे तोंड केलं. मला वाटलं सारंग पुढे होईल. तो मागे झाला आणि मला खांद्याला धरून पुढे ढकललं. मी मागे वळून बघितलं. जहाजावर आपल्या गावची बरीच माणसं आहेत, खालचीही आणि वरचीही. परवापर्यंत जेवायलासुद्धा वेगळी बसत होती. पण तिथे दोरखंड आणि पिंपं यांच्यामधे जागाच एका सफीची होती. सगळे त्याच एका सफीत उभे राहिले. कोण खतीब असं कुणी विचारलं नाही. मुसाफिरांना कोण विचारतो?

'अल्लाहु अकबर'च्या चार तकबिरी म्हटल्या. आवाज फुटला, पण अडखळलो नाही. सलाम फेरल्यावर कुणी लगेच पांगलं नाही. मग एक वरच्या मोहल्ल्याचा पोरगा माझ्याशेजारी येऊन रडायला लागला. त्याची आई गेल्या वर्षी गेली, तेव्हा तो दर्यात होता. मी त्याला जवळ घेतलं आणि मग मलाही रडू आलं. आई गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा.

बुबू, तू सांगितलंस ते बरंच केलंस, माझा राग नाही. दुलाभाईंना माझा सलाम सांग. पुढच्या फेरीनंतर मी गावी येतोय, आणि राहायला येतोय. लोक काय म्हणतील ते म्हणोत. खतीब व्हायला नाही. दुलाभाई पुन्हा मिंबरावर चढतील तर त्यांच्या मागे उभा राहायला, आणि चाळिसात एक माणूस कमी पडत असेल तर त्या जागी उभा राहायला.

तोवर आसा कुणाला देऊ नकोस. तुझेही गुडघे दुखतात असं आई सांगत होती. विहिरीवर जाताना तो टेकत जा.

शरफू